मधला खडा

"फिरवतो," नवरा म्हणाला आणि बोलता बोलता त्याने पट फिरवलासुद्धा. एवढंच झालं. खोलीतल्या कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, जाण्यासारखं त्यात काही नव्हतंच. समोर बसलेला माणूस नवखा होता. चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि या पटखेळांच्या क्लबात नुकताच यायला लागला होता. त्याने पहिला खडा पटाच्या बरोबर मध्यावर ठेवला होता, आणि पहिला खडा मध्यावर पडला की समोरच्याने पट फिरवायचा असतो, हे क्लबातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण त्याच्या बायकोने ते पाहिलं. नवऱ्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. हातात चहाचा कागदी कप होता. कितीतरी महिन्यांनी आपण या खोलीत आलो, खालच्या रंगाच्या दुकानातून येणारा थिनरचा तोच वास, तीच एक पाय आखूड असलेली टेबलं, असं काहीसं सुखाचं तिच्या मनात चाललं होतं. ते सगळं जागच्या जागी थांबलं. कारण तिचाही पहिला खडा मध्यावर असायचा. ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या खाटेवर मांडलेल्या पहिल्या डावापासून ते अगदी कालपर्यंत तिने दर वेळी पहिला खडा मध्यावर ठेवला होता, आणि नवऱ्याने एकदाही पट फिरवला नव्हता.

खेळ तसा पोरखेळ वाटावा इतका सोपा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. काळ्याने वरचा काठ खालच्या काठाला जोडायचा, पांढऱ्याने डावा उजव्याला. आळीपाळीने एकेक खडा ठेवत जायचं. ठेवलेला खडा हलत नाही की मरत नाही. ज्याची साखळी आधी पुरी होईल तो जिंकला, आणि बरोबरी कधी होतच नाही. आता यात पहिला ठेवणाऱ्याचं पारडं जड असतं, म्हणून एक नियम आहे. पहिला खडा पडल्यावर समोरच्याने ठरवायचं, हा तुझा तुलाच राहू दे, की मी घेतो. घ्यायचा असेल तर पट फिरवायचा, मग त्याची बाजू आपली आणि आपली त्याची. घरात दोन भावंडं असली की आई एकाला आंबा कापायला सांगते आणि दुसऱ्याला आधी उचलायला, तसंच हे. त्यामुळे पहिला खडा असा ठेवावा लागतो की तो घ्यावासाही वाटू नये आणि सोडावासाही. सगळी अक्कल तिथे लागते. मध्यावर ठेवणं म्हणजे अर्धा डाव समोरच्याच्या ओंजळीत टाकणं. हे तिला माहीत होतं, आजचं नव्हे, वर्षानुवर्षं. याच खोलीत तिने कितीतरी नवख्यांना हे शिकवलं होतं, वर त्यांची टिंगल केली होती. मग इतके महिने ते कुठे गेलं होतं? आणि गेलं होतं हे तिला कोणी सांगितलं का नाही?

नवऱ्याचा हात पटाच्या कडेवर तसाच राहिला होता. हाताला सवय होती, हाताने आपलं काम करून टाकलं होतं, डोकं मागाहून येत होतं. तिने पाहिलं, त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली. त्याने हळूच तिच्याकडे मान वळवली, आणि त्याचा चेहरा बघितल्यावर तिला विचारायचं काही उरलं नाही. कपाट उघडल्यावर आतलं सगळं अंगावर यावं तसा तो चेहरा होता. पलीकडच्या लांबलचक टेबलावर लढाई चालू होती. थर्माकोलच्या टेकड्या, काचेच्या तुकड्यांची नदी, आणि बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक. दातांचा डॉक्टर असलेला एक सभासद, ज्याला सगळे सेनापती म्हणत, मोजपट्टी घेऊन आपल्या घोडदळाचं अंतर मोजत होता. त्याचे घोडे तो दात कोरायच्या हत्यारांनी घडवायचा. "वहिनी, आमच्या बाजूने या," तो ओरडला, "तुम्ही तिथे बसलात की आमची पोरं घाबरतात." फासे टेबलावर खडखडले. कोणीतरी हसलं. क्लब चालवणारे मास्तर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "बरं वाटलं हो तुम्हाला बघून. तुमच्या मिस्टरांनी फार केलं बरं का. असा नवरा मिळायला भाग्य लागतं." तिच्या हातातला कप चुरगळला आणि उरलेला चहा तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. गेल्या महिन्यांत हे वाक्य तिने इतक्या जणांकडून ऐकलं होतं की त्याचा छापील फलक करून दारावर लावायला हरकत नव्हती. "मला घरी जायचंय," ती म्हणाली. नवरा लगेच उठला. चष्मेवाला बिचारा गोंधळला. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं. "हो," ती म्हणाली, "मध्यावर ठेवू नका. तुम्हाला पहिल्या फटक्यात कळलं, नशीबवान आहात."

जिन्यावरून उतरताना तिने कठडा धरला नाही. मुद्दामच धरला नाही. नवरा एक पायरी मागे, हात अर्धवट पुढे केलेला, पडलीच तर झेलायला. हा हात आता तिच्या मागे कायमचा चिकटला होता. बाथरूमच्या दाराबाहेर तो हात असायचा, चालताना असायचा, आणि आज कळलं की पटावरसुद्धा होता. सगळ्या डावांत तोच खाली धरलेला होता आणि ती आपली समजत होती की आपण चालतोय. रस्त्यावर ऊन कलतं झालं होतं. दुकानांची शटरं सुट्टीची म्हणून बंद, फुटपाथवर एका माणसाने मोबाइलची कव्हरं मांडली होती. सिग्नलला उभं राहिल्यावर तिचा हात आपोआप केसांत गेला. कानाच्या वर, मागे वळत जाणारा व्रणाचा कंगोरा. केस आता वाढले होते, लोकांना दिसत नव्हता, पण बोटाला रोज सापडायचा. तिथून आत शिरून डॉक्टरांनी मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी चिमटा लावून बंद केली होती. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या स्वतःच्या खात्यातली एक मुलगी उशाशी होती. तिनेच भूल दिली होती. भूल देणाऱ्या बाईला भूल देताना माझे हात थरथरले, असं ती मागाहून म्हणाली होती. सगळ्यांचेच हात तेव्हापासून थरथरत होते. सगळ्यांचेच आवाज मऊ झाले होते. सासूबाई, ज्यांनी तिच्या हातचा चहा आजवर कधी वाखाणला नव्हता, त्या तिने नुसता गॅस पेटवला तरी शाबासकी द्यायला लागल्या होत्या. कामवाल्या बाई तिच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायच्या. हे सगळं तिने गिळलं होतं, कारण संध्याकाळ व्हायची आणि नवरा पट मांडायचा. तिथे तरी, तिला वाटायचं, तिथे तरी कोणी माझे लाड करत नाही. तिथे खडा आहे आणि घर आहे. तिथे मी आहे तेवढीच आहे.

आणि हॉस्पिटलातली ती दुपार आठवून तिला सिग्नलवरच उभ्या उभ्या घाम फुटला. नवऱ्याने प्रवासातला छोटा पट आणला होता, लोहचुंबकाचे खडे असलेला. तिने खडा उचलला आणि ठेवला, बरोब्बर मध्यावर. नवरा बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग "पाणी आणतो" म्हणून बाहेर गेला. पाण्याची बाटली उशाशी भरलेली होती. परत आला तेव्हा त्याचं तोंड धुतलेलं होतं, केस कपाळावर ओले. हनुवटीला हात लावून त्याने विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "नको. तुझा तूच ठेव." तिला किती आनंद झाला होता! वाटलं, खडा अगदी नेमका पडला, घ्यावा की सोडावा असा पेच पडला त्याला. आता तिला दिसत होतं, तो कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडत होता. आपल्या बायकोचं डोकं गेलं म्हणून रडत होता. आणि रडून झाल्यावर, तोंड धुऊन, तो आत येऊन तिच्याशी पहिलं खोटं खेळला होता. त्याला तिची कीव आली होती. ज्या माणसाने लग्नाआधी या खेळात तिला ओळीने हरवून रडवलं होतं, आणि रडते म्हणून एकही डाव सोडला नव्हता, आणि ज्याच्या त्या नाठाळपणावरच तिचा जीव जडला होता, त्या माणसाला. सिग्नल सुटला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. नवऱ्याने तिच्या कोपराला हात लावला आणि तिने तो असा झिडकारला की मोबाइलच्या कव्हरांचा माणूस वळून बघायला लागला.

खरा संताप तिला अजून आलाच नव्हता. तो लिफ्टमध्ये आला, दार बंद झाल्यावर, आरशात दोघं शेजारी शेजारी दिसल्यावर. उद्या सकाळी तिची ड्यूटी होती. आजारपणानंतरची पहिली. मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले होते, सशाचं आणि छत्रीचं चित्र दाखवून हे काय ते काय विचारलं होतं. सगळ्यात ती पास झाली होती, पण त्या परीक्षेत शाळेतलं पोरसुद्धा पास झालं असतं. तिच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी तिला खुर्चीवर बसवून विचारलं होतं, "हे रिपोर्ट राहू देत. तुला स्वतःला काय वाटतं? टेबलावर माणूस झोपलेला असताना काही बिघडायच्या आधी ते तुला दिसेल का?" कारण काम तेच होतं. शिकवलं तर माणूस झोपवणं कोणालाही जमतं. नाडीचा आकडा पडायच्या आधी तो पडणार हे दिसावं लागतं, ओठांचा रंग बदलायच्या आधी हात पोचावा लागतो. आणि ती ऐटीत म्हणाली होती, "मॅडम, मी रोज याला हरवते. क्लबात पहिल्या नंबरचा आहे हा. आजारपणात माझा खेळ सुधारलाय." नवरा शेजारी बसला होता. प्रमुख बाईंनी त्याच्याकडे बघितलं. आणि तो हसून, खांदे उडवून म्हणाला होता, "मला जिंकूच देत नाही हल्ली." त्या वाक्यावर बाईंनी सही केली होती. लिफ्ट मजल्यावर आली, दार उघडलं, दोघांतलं कोणीच बाहेर पडेना, दार पुन्हा बंद व्हायला लागलं तेव्हा तिने पाय मध्ये घातला.

"बोल," घरात शिरल्यावर ती म्हणाली. चपला काढल्या नव्हत्या. नवऱ्याने पिशवी खुर्चीवर ठेवली, पाण्याचा ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला. "पाणी नको. प्रत्येक वेळी पाणी आणायला जाऊ नकोस. बोल."

"काय बोलू? तुला कळलंय."

"सगळे डाव?"

त्याने ग्लास टेबलावर ठेवला.

"मी विचारतेय, सगळे? एकही मी जिंकले नाही?"

"सुरुवातीचे सगळे," तो म्हणाला. "तुला हातसुद्धा नीट उचलता येत नव्हता. जिंकलीस की जेवायचीस. हरलेल्या दिवशी, एकदा करून बघितलं मी, तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. काय करायला हवं होतं मी?"

"हरवायला हवं होतंस."

"उठली नसतीस तू."

"मग नसते उठले! पण उठले असते तेव्हा माझ्या पायावर उठले असते. मला काय वाटत राहिलं माहितेय? मी घोड्यावर बसून दौडतेय, आणि घोडा लाकडाचा, आणि तू खालून हलवतोयस." तिचा आवाज चिरकला. शेजारच्यांच्या खिडकीचा पडदा सरकल्याचं तिला दिसलं आणि तिने आवाज आणखी चढवला. ऐकू देत. भाग्यवान बाईला ओरडताना ऐकू देत. "क्लबात का नेत नव्हतास? गर्दी नको, धूर नको, आवाज नको म्हणायचास. तिथे मला कोणीतरी पट फिरवून दाखवला असता म्हणून ना? सेनापतीने दाखवला असता, मास्तरांनी दाखवला असता. आठवड्याभरात माझ्या डोक्यात परत बसलं असतं, मध्यावर ठेवू नये म्हणून. एवढीशी गोष्ट! विसरले होते, सांगितलं असतंस तर आठवली असती. तू मला ती विसरलेलीच ठेवलीस."

नवऱ्याने तोंड उघडलं तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नणंद होती. घरातल्या सवयीप्रमाणे त्याचा हात स्पीकरच्या बटणावर गेला, आणि बाहेर आला तो तोच मऊ आवाज. "काय म्हणते आमची वहिनी? उद्या कामावर जायचंय ना राणीला?" तिने फोन ओढून घेतला. "तुला माहीत होतं?" "काय गं?" "हा माझ्याशी मुद्दाम हरतोय ते." पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "अगं वहिनी," नणंद शेवटी म्हणाली, "दादा म्हणाला होता खेळाचा विषय काढायचा नाही. आम्हाला कुठे त्यातलं कळतं? तू खूश असायचीस. आईसुद्धा म्हणाली, चाललंय ते चालू दे." म्हणजे सासूबाईसुद्धा. म्हणजे सगळं घर, जेवणाच्या टेबलाभोवती बसून, आज पण मीच जिंकले असं ती सांगायची तेव्हा, एकमेकांकडे न बघण्याची कसरत करत होतं. शरमेने तिचे कान तापले. तिने फोन बंद केला, बंद करून सोफ्यावर फेकला, आणि तो उशीवर आपटून काही न होता पडून राहिला याचाही तिला राग आला. या घरात धड काही फुटतसुद्धा नव्हतं.

"हे बघ," नवरा म्हणाला. तो आता भिंतीला टेकून उभा होता, आणि कॉरिडॉरमध्ये तो असाच उभा असेल असं तिच्या मनात आलं, आणि क्षणभर तिला त्याची दया आली, आणि दया कशी असते हे कळल्यामुळे ती अधिकच भडकली. "हे बघ, मी सगळं कबूल करतो. पण गेले दोनेक महिने मी मुद्दाम हरत होतो की खरंच हरत होतो, हे मला सांगता येणार नाही. देवाशपथ. आधी मी वाट बघायचो, कुठे सोडायचं ते शोधायचो. मग मग हातालाच वळण पडलं. कधी कधी वाटायचं, आज खरंच हरवलं हिने. पण खात्री नसायची. मध्यावरचा खडा तुला सोडला की पुढे खरं काय आणि खोटं काय?"

"आणि तू मॅडमना सांगितलंस जिंकू देत नाही."

"तुझा चेहरा बघितला असतास त्या वेळी."

"माझा चेहरा!" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज एकदम खाली आला, आणि खाली आलेला तो आवाज तिला स्वतःलाही अनोळखी वाटला. "उद्या टेबलावर एक माणूस असेल. त्याला मी सांगेन, दीर्घ श्वास घ्या, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून घेईल. मग त्याचं बीपी खाली जायला लागेल. ते तुझ्यासारखं थांबणार नाही. हनुवटीला हात लावून, नको, तुझं तुलाच राहू दे, असं म्हणणार नाही. तिथे तू कोणाला हरायला सांगणार आहेस?"

नवरा खाली बसला, तिथेच, भिंतीशी, फरशीवर. हा विचार त्याने केलाच नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. त्याने तिचा विचार केला होता, तिच्या जेवणाचा, झोपेचा, चेहऱ्याचा, रोजच्या रोज, पोटतिडकीने. तिच्या पलीकडे टेबलावर झोपलेला माणूस त्याला आजवर दिसलाच नव्हता. तिने चपला काढल्या. कपाटातून रोजचा पट काढला, जेवणाच्या टेबलावर मांडला, वाट्यांतले खडे दोन्ही बाजूंना ठेवले. "ऊठ," ती म्हणाली. "आणि खेळ."

काळे खडे तिच्याकडे होते. पहिला खडा हातात घेऊन ती पटाकडे बघत बसली. मधलं घर तिला बोलावत होतं. खरोखर बोलावत होतं, बोटं तिकडेच ओढली जात होती, सगळ्या वाटा तिथून फुटतात असं वाटत होतं, आणि म्हणूनच तर तिथे ठेवायचं नसतं. तिने डोळे मिटले. खूप खालून काहीतरी वर आलं, क्लबातला बाक, फळा, नवख्यांना शिकवणारा आपलाच तरुण आवाज: कडेला या, कोपऱ्याकडे, तिथे समोरच्याला झोप लागत नाही. तिने खडा कोपऱ्याजवळ ठेवला. नवऱ्याने पाहिलं, विचार केला, "नको" म्हणाला. त्याने खरंच विचार केला की केल्यासारखं केलं? तिने त्याच्या डोळ्यांत शोधलं आणि तिला काहीच सापडलं नाही. हेच त्याने केलं होतं. यापुढे आयुष्यभर त्याच्या प्रत्येक "नको"च्या मागे ती हेच शोधत बसणार होती. त्याने खडा ठेवला. तिने ठेवला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं. तो तिला ढकलत होता, डावीकडून येत होता, आणि बऱ्याच दिवसांनी आपल्याला कोणीतरी ढकलतंय हे तिला अंगात जाणवलं, दंडात, मानेत. ज्या पटावर कोणी वार करत नाही तिथे नजर कशाला हवी होती? इतके महिने ती नुसती चालत गेली होती, मोकळ्या रस्त्याने. आता दर खड्याला तिला थांबावं लागत होतं. कंगोऱ्याच्या आत ठणका सुरू झाला. तो ठणका तसाच ठेवून ती बघत राहिली.

मग त्याने एक खडा उजवीकडे, काठाजवळ टाकला, आणि हात मागे घेतला. पाळी तिची होती. तिच्या साखळीला वर एकच घर हवं होतं, आणि खाली दोन, आणि सगळं बरं चाललं होतं, आणि तरीही तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. ही जाणीव तिला ओळखीची होती. मॉनिटरवर सगळे आकडे ठीक असतात, सर्जन गाणं गुणगुणत असतो, आणि तरीही तिचा हात औषधाकडे गेलेला असतो. तिने पटाकडे बघितलं, आपल्या खड्यांकडे नाही, त्याच्या. मधल्या घराच्या खाली, जरासं डावीकडे, एक रिकामं घर होतं. तिथे पांढरा खडा पडला असता तर त्याला दोन वाटा मिळाल्या असत्या, एक अडवली तर दुसरी उघडी, आणि ती मेली असती. पार मेली असती. त्याने ते घर सोडून उजवीकडे खडा टाकला होता. तिला काळा खडा त्या घरात ठेवून डाव पक्का करता आला असता, या घडीला, एका चालीत, आणि आज पण मीच जिंकले असं जेवणाच्या टेबलावर सांगता आलं असतं.

तिने त्याचा उजवीकडचा खडा उचलला. त्याच्या वाटीत परत टाकला नाही, तोच खडा तिने त्या रिकाम्या घरात ठेवला, आणि बोटाने दाबून धरला. "इथे," ती म्हणाली. "इथे ठेवायचा होतास. मी हरले."

नवरा पटाकडे बघत राहिला. एक वाट, दुसरी वाट, त्याचे डोळे फिरत गेले. मग ते भरून आले. "दिसलं तुला," तो म्हणाला.

"मुद्दाम सोडलंस?"

त्याने डोळे पुसले. "नाही," तो म्हणाला. "मला दिसलंच नव्हतं."

खरं की खोटं? पुन्हा तेच. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, ओठांकडे, हातांकडे, आणि काही कळेना. तिला कळलं, की हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्याने मुद्दाम सोडलं असेल, किंवा महिनोन्‌महिने न बघण्याचं सोंग करता करता त्याचीच नजर मेली असेल. ते त्याचं त्याच्याजवळ. पण घर रिकामं होतं आणि ते तिला दिसलं होतं, तिच्या डोळ्यांना, तिच्या शिवलेल्या डोक्याला, आणि त्यात त्याचा हात कुठेच नव्हता. त्याची साक्ष लागत नव्हती. राग तसाच होता, तसूभर कमी झाला नव्हता, पण आता तो राग उभा होता, मघासारखा धडपडत नव्हता.

तिने खुर्चीवरच्या पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि गॅलरीत जाऊन प्रमुख बाईंना लावला. "मॅडम, उद्याबद्दल. तुम्ही ज्याच्या शब्दावर मला घेतलंत तो खोटं बोलत होता. मी त्याला हरवत नव्हते, तो माझ्याशी मुद्दाम हरत होता. मला आज कळलं." आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आज एक डाव खरा खेळले. मला दिसतंय असं मला वाटतं. पण एका डावावर मी कोणाला झोपवणार नाही. माझ्या शेजारी कोणीतरी उभं राहायला हवंय. दिसलं नाही तर तोंडावर सांगणारं."

बाई कडाडल्या. "अगं, हे मला सही करण्याआधी कळायला नको? टेबलावर माणसं असतात, खडे नाही! तुझ्या नवऱ्याला सांग, पुन्हा माझ्या केबिनमध्ये पाऊल टाकायचं नाही. आणि तू ऐक. उद्या सकाळी वेळेवर यायचं. कशालाही हात लावायचा नाही. माझ्या शेजारी उभं राहायचं आणि पुढे काय होणार ते मला आधी सांगायचं, दर वेळी, चूक असो की बरोबर. चुकलीस तर तिथल्या तिथे बाहेर काढीन, सगळ्यांदेखत. असं किती दिवस चालेल ते मी ठरवीन. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. फोन बंद झाला. ऑपरेशन झाल्यापासून तिच्यावर असं कोणी ओरडलं नव्हतं. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. गॅलरीच्या गजाला धरून ती उभी राहिली. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मागे दारात नवरा पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहिलेला पाहून ती त्याच्यावर परत ओरडली.